हौद्यात काय भरता?

पुणे-बंगळूर महामार्गावर साताऱ्याच्या पुढे टायरची दुकानं ओळीनं लागतात. पाऊस उघडला की दिवाळीपर्यंत त्यांचा हंगाम असतो. चार महिन्यांच्या खड्ड्यांनी टायरांची पार वाट लावलेली असते, कारखान्यांची धुराडी पेटायला थोडा अवकाश असतो, आणि ज्याच्या हातात चार पैसे आलेत तो गाडीकडे बघायला लागतो. अशाच एका दुकानासमोर ऑक्टोबरातल्या एका सकाळी पांढरी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस उभी होती. मालक तिशीतला, वाळवा तालुक्यातला, घरची उसाच्या रोपांची नर्सरी. त्याला टायर रुंद करून हवे होते. फोनमध्ये त्यानं एक फोटो जपून ठेवला होता. गाडी हीच, पण चाकं मडगार्डच्या बाहेर डोकावणारी, नक्षी जाड, बाजूला पांढरी ठळक अक्षरं.

दुकानातले मिस्त्री साठीच्या घरातले. त्यांनी फोटो पाहिला, फोन परत दिला, गाडीभोवती एक चक्कर मारली, मागच्या चाकाजवळ उकिडवं बसून पाट्यांवर हात फिरवला आणि विचारलं, "हौद्यात काय भरता, दादा?"

"काही नेम नाही मामा. कधी रोपांचे ट्रे, कधी खताची पोती. बऱ्याचदा रिकामाच असतो. घरच्यांना घेऊन पुण्याला जाणं होतं."

"आणि हवा किती ठेवता?"

याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. पंपावरचा पोरगा भरेल ती.

पिकअपला रुंद ऑल-टेरेन टायर घ्यावेत का, हा प्रश्न मिस्त्रींच्या या दोन प्रश्नांना उत्तर दिल्याशिवाय सुटत नाही, असं या विषयाच्या मागे फिरल्यावर माझं ठाम मत झालं आहे. आपल्याकडे टायर निवडताना रुंदी सगळ्यात आधी ठरते, मग नक्षी, मग कंपनी, आणि वजन पेलायची ताकद व हवेचा दाब हे विषय बहुतेकांच्या बोलण्यात येतच नाहीत. खरं तर हा क्रम बरोबर उलटा हवा.

महाराष्ट्रात पिकअप म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती महिंद्राची बोलेरो. नारायणगावचे टोमॅटो, निफाडची द्राक्षं, ओतूर-जुन्नरचा भाजीपाला वाशीच्या बाजारात पोचतो तो तिच्या हौद्यात. या गाडीच्या काही मॉडेलना 215/75 आर 15 आणि काहींना 7.00 आर 15 मापाचा टायर येतो. म्हणजे रुंदी कमी, भिंत उंच, प्लाय जास्त. भरल्या गाडीला मागच्या टायरांत साध्या मोटारीच्या जवळपास दुप्पट हवा असते. नारायणगावच्या बाजाराबाहेर भाड्याची वाट बघत थांबलेल्या एका चालकाला मी रुंद टायरांबद्दल विचारलं. त्यानं सरळ हिशेब मांडला. टायर किती किलोमीटर चालला, रिमोल्डला सांगाडा शाबूत राहिला का, आणि भरल्या गाडीचं अ‍ॅव्हरेज काय पडलं. "रुंद टायर ओढायला डिझेल लागतं, साहेब. ते डिझेल टोमॅटोच्या क्रेटमागं कोण देणार?" त्याच्या धंद्यात अरुंद, कडक, भरपूर हवेचा टायरच योग्य आहे. रुंदीची हौस त्याला नाही, आणि नसावीही.

दुसऱ्या प्रकारची पिकअप आली ती वेगळ्या वाटेनं. स्कॉर्पिओ गेटअवे आणि टाटा झेनॉन या चार दारांच्या गाड्या आधी येऊन गेल्या होत्या. 2016 साली आंध्रातल्या श्रीसिटीच्या कारखान्यात तयार होणारी व्ही-क्रॉस बाजारात आली, 2022 साली टोयोटाची हायलक्स आली. पुढे पाच माणसं, मागे हौदा, फोर-व्हील ड्राइव्ह. आंब्याच्या बागांचे मालक, द्राक्ष बागायतदार, क्रशरवाले, बांधकामवाले, डोंगरभटके अशा लोकांनी ती उचलली. ही गाडी महिन्यातले बरेच दिवस रिकामी धावते, दोन दिवस खचाखच भरून धावते, एखादा दिवस डोंगरात जाते आणि पावसाळ्यात चार महिने पाण्यातून जाते. तिचा टायर निवडणं अवघड होतं ते यामुळेच. बोलेरोवाल्याच्या गाडीचं काम रोज एकच असतं. हिचं रोज बदलतं.

ऑल-टेरेन हा प्रकार मुळात अमेरिकेतल्या अशाच गाड्यांसाठी जन्माला आला. 1976 साली बीएफगुडरिच कंपनीनं रेडियल ऑल-टेरेन टी/ए नावाचा टायर आणला. हलक्या ट्रकांसाठी, रस्त्यावर आणि रस्त्याबाहेर दोन्हीकडे चालेल असा रेडियल टायर तोवर नव्हता. मेक्सिकोतल्या बाहा द्वीपकल्पातल्या वाळवंटी शर्यतींत त्या घराण्याच्या टायरांनी नाव कमावलं, आणि बाजूच्या पांढऱ्या अक्षरांसकट ते रूप जगभर गेलं. आज आपल्या बाजारात अपोलोचा अ‍ॅप्टेरा, सीएटचा झार, एमआरएफचा वाँडरर, जेकेचा रेंजर, योकोहामाचा जिओलँडर अशी नावं त्याच पठडीतली आहेत. जून 2020 मध्ये केंद्र सरकारनं मोटारींचे नवे टायर आयात करायला परवाना सक्तीचा केला. त्यानंतर परदेशी मापं मिळेनाशी झाली, मिळाली तर महाग. त्यामुळे मापाचा विचार करताना आधी दुकानात काय मिळतं ते बघावं. फोटोतलं माप फाटलं की दुसरा नग मिळायला दोन महिने थांबायची वेळ येते.

आता आकड्यांकडे येतो, कारण सगळी गंमत त्यांत आहे. व्ही-क्रॉसच्या 18 इंची चाकावर कंपनीकडून 255/60 आर 18 येतो. 255 म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी. 60 म्हणजे भिंतीची उंची त्या रुंदीच्या 60 टक्के, 153 मिलिमीटर. भिंत वर एकदा आणि खाली एकदा मोजायची, मध्ये रिमचे 457 मिलिमीटर. टायरची एकूण उंची 763 मिलिमीटर. म्हणजे पहिला आकडा वाढवला की दुसरा तसाच असला तरी टायर नुसता रुंद होत नाही, उंचही होतो. हे दुकानात फार कमी जण समजावून सांगतात.

मग 265/60 आर 18 घेतला तर काय होतं? उंची 775. टायर 12 मिलिमीटरनं उंच, पण गाडी वर उचलली जाते ती त्याच्या निम्मी, 6 मिलिमीटर. स्पीडोमीटरमध्ये दीड टक्क्याचा फरक. हे गाडी सहज पचवते. पण फोटोतल्या रूपाच्या मागे लागून 265/65 आर 18 घेतला तर उंची 802 पर्यंत जाते, कंपनीच्या टायरपेक्षा पाच टक्क्यांनी जास्त. आता काटा 95 दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात शंभरनं पळत असते. दर गिअर पाच टक्क्यांनी लांब होतो. चढाला आधी तिसऱ्यात ओढणारी गाडी दुसरा मागायला लागते. ब्रेकला आधीपेक्षा मोठं आणि जड चाक थांबवावं लागतं. आणि एवढं करून गाडी उचलली जाते 19 मिलिमीटर, जेमतेम बोटाच्या जाडीइतकी.

अ‍ॅव्हरेजबद्दल मालक मंडळी मोकळेपणानं बोलतात. ऑल-टेरेन घातल्यावर लिटरमागे अर्धा-एक किलोमीटर गेला, असं बहुतेकांनी सांगितलं. जाड नक्षीचं रबर वाकवायला ताकद लागते, दर चाकामागे काही किलो वजन वाढतं, रुंदीमुळे वारा अडतो. शिवाय ऐंशीच्या पुढे एक घुमणारा आवाज येतो. टायर जुना झाला की तो वाढतो.

रुंद टायरबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज असा की रुंदी वाढली की जमिनीला टेकणारा भाग वाढतो. नुसत्या रुंदीनं तो फारसा वाढत नाही. टायरमधली हवा गाडीचं वजन तोलते. त्यामुळे जमिनीवर टेकणारं क्षेत्रफळ ठरतं ते चाकावरचं वजन भागिले हवेचा दाब या हिशेबानं. पाचशे किलोचं ओझं असलेल्या चाकात 35 पीएसआय हवा असेल तर साधारण 200 चौरस सेंटिमीटर जमीन पकडली जाते. टायर 255 चा असो वा 265 चा, हा आकडा थोड्याफार फरकानं तोच. बदलतो तो आकार. रुंद टायरचा ठसा आडवा वाढतो आणि लांबीला तितकाच आखडतो. वळणावर या आडव्या ठशाचा फायदा होतो, टायर कडेला कमी झुकतो. पण तोच दाब 20 पीएसआयवर आणला की ठसा साडेतीनशे चौरस सेंटिमीटरच्या पुढे जातो, आणि तो वाढतो मुख्यतः लांबीत. टायरच्या भिंतीचा ताठपणा थोडा भार उचलतो, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे जरा इकडेतिकडे होतील, दिशा मात्र हीच. मऊ जमिनीवर गाडी तारून नेतो तो हवा उतरवल्यानं लांबलेला ठसा. रुंद टायर घेऊन हवा 35 च ठेवणाऱ्याचे निम्मे पैसे वाया गेले असं मी म्हणेन.

आइसलँडमध्ये हे सगळ्यात टोकाला नेलेलं दिसतं. तिथल्या आर्क्टिक ट्रक्स या कंपनीनं हायलक्सना 38 इंची टायर घालून बर्फावर चालवल्या. 2007 साली बीबीसीच्या टॉप गिअर कार्यक्रमातली मंडळी अशाच हायलक्समधून चुंबकीय उत्तर ध्रुवाच्या जागेपर्यंत गेली. मऊ बर्फावर तिथले लोक हवा दोन-चार पीएसआयपर्यंत उतरवतात, टायर पसरून पार सपाट होतो आणि गाडी बर्फात न बुडता वरून जाते. तिथे रुंदी खरोखर कामाची आहे, कारण खाली कठीण तळ लागणारच नसतो.

आपल्या जमिनीचं तसं नाही. सोलापूर, मंगळवेढा, बार्शीकडची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि पायाला, खुराला, चाकाला जिथे सापडेल तिथे चिकटते. मंगळवेढ्याच्या बाजूला एका ज्वारीच्या रानाच्या कडेला मी ऑल-टेरेन घातलेली पिकअप रुतलेली पाहिली. पन्नास पावलं गेली असेल नसेल. नक्षीच्या सगळ्या खाचा मातीनं लिंपून गेल्या होत्या, चाक गुळगुळीत गोळा झालं होतं आणि जागच्या जागी फिरत होतं. मडगार्डच्या आत माती इतकी ठासली गेली होती की पुढचं चाक वळेना. मालकाचे चुलते शांतपणे उसाचं पाचट आणून चाकांखाली सारत होते. "ओल्या रानात गाडी घालायचीच नसती," एवढंच ते म्हणाले. काळ्या मातीत टायर जितका रुंद तितकी जास्त माती तो अंगावर घेतो, आणि रुंदीमुळे मडगार्डमधली फट आधीच कमी झालेली असेल तर ती माती जायला जागा उरत नाही. आतलं प्लास्टिक फाटतं, सेन्सरची वायर ओढली जाते. मोठ्या खाचांचे मड-टेरेन टायर फिरताना माती झटकतात, पण ते डांबरावर लवकर झिजतात, गुरगुरतात आणि पावसात ब्रेक मारताना भरवशाचे राहत नाहीत. गोव्यात 2014 पासून ऐन पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही चिखलातली स्पर्धा होते. तिथल्या गाड्यांचे टायर बघून भारावणारे पुष्कळ आहेत. त्या गाड्यांना पुढे विंच असतो, सोबत दोर ओढायला माणूस असतो, आणि सोमवारी त्या पोरांना शाळेत सोडायला जात नाहीत.

कोकणात गोष्ट वेगळी. जांभा दगड भिजला तरी टणक राहतो. राजापूर, देवगडकडच्या बागांत जाणाऱ्या वाटा खडबडीत, चढाच्या, शेवाळलेल्या. तिथे खाली कठीण तळ असतो, त्याला धरून राहायला नक्षीच्या ठोकळ्यांच्या कडा लागतात. ऑल-टेरेनच्या ठोकळ्यांवर बारीक चिरा असतात. ओल्या कातळावर त्या उघडतात आणि पकड देतात. घाटात, वरंध असो की आंबेनळी, डांबराच्या कडेला काळ्या बसाल्टच्या धारदार खपल्या पडलेल्या असतात. समोरून एसटी आली की गाडी खाली उतरवावी लागते, आणि साध्या टायरची भिंत तिथेच कापली जाते. एकदा भिंतीला कट बसला की तो टायर पंक्चरवाला दुरुस्त करू शकत नाही. चांगल्या ऑल-टेरेनची भिंत जाड असते, ठोकळे भिंतीवर उतरलेले असतात. माझ्या मते महाराष्ट्रातल्या पिकअपवाल्याला ऑल-टेरेनचा सगळ्यात मोठा फायदा हा आहे, आणि तो मिळवायला रुंदी एक मिलिमीटरही वाढवावी लागत नाही. कंपनीच्याच मापात ऑल-टेरेन मिळतो.

कोकणाचा विषय निघाला म्हणून एक सांगतो. हवा उतरवली की वाळूत गाडी चालते, हे खरं. पण म्हणून ती किनाऱ्यावर नेऊ नये. वेळासपासून खाली कितीतरी किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. चाकाखालच्या वाळूत घरटं आहे की नाही हे वरून कळत नाही.

आता पाऊस. रुंद टायरची खरी परीक्षा डोंगरात होत नाही. ती जुलैत मुंबई-गोवा रस्त्यावर, साचलेल्या पाण्यात होते. टायरला स्वतःखालचं पाणी वेळेत बाजूला सारता आलं नाही तर तो पाण्यावर तरंगतो, स्टिअरिंग एकदम हलकं होतं आणि गाडी कुणाचंच ऐकत नाही. नासाचे संशोधक वॉल्टर हॉर्न यांनी 1963 साली विमानांच्या टायरांवरच्या प्रयोगांतून एक सोपं गणित मांडलं. टायर तरंगायला लागण्याचा वेग त्यातल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. त्या सूत्रानं 35 पीएसआयला हा वेग ताशी 98 किलोमीटरच्या आसपास येतो, 25 पीएसआयला तो 83 वर उतरतो. म्हणजे रानात उतरवलेली हवा डांबरावर येताच परत भरली पाहिजे, विसरून चालत नाही. त्यासाठी बारा व्होल्टवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवावा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

हॉर्न यांनी पुढे 1980 च्या दशकात रिकाम्या ट्रकांचा अभ्यास केला. ओल्या रस्त्यावर भरलेल्यांपेक्षा रिकामे ट्रक जास्त घसरत होते. कारण ठशाच्या आकारात निघालं. वजन कमी झालं की ठसा लांबीला आखडतो, रुंदी तेवढीच राहते. असा आखूड आणि आडवा ठसा पाणी कापू शकत नाही, तो कमी वेगालाच तरंगतो. आता रिकामी पिकअप डोळ्यांपुढे आणा. मागच्या चाकांवर मुळातच वजन कमी, वर टायर रुंद केलेला. ठसा आणखी आखूड, आणखी आडवा. मिस्त्रींच्या "हौद्यात काय भरता?" या प्रश्नाचं शास्त्रीय वजन इथे कळतं. नक्षी खोल असेपर्यंत ऑल-टेरेन हे पाणी चांगलं वाहून नेतो. झिजला की ती सोय जाते. कायद्यानं चारचाकीला 1.6 मिलिमीटर खोली पुरते. पावसाळ्याच्या तोंडावर 3 मिलिमीटरच उरली असेल तर मी तो टायर बदलेन.

भरल्या हौद्याची बाजू वेगळी. टायरवर मापाच्या पुढे आणखी एक आकडा आणि अक्षर असतं. 112 असेल तर एक टायर 1120 किलो पेलतो, 116 असेल तर 1250, 120 असेल तर 1400. अक्षर वेगाचं. एस म्हणजे ताशी 180 किलोमीटर, टी म्हणजे 190. नवा टायर या दोन्हींत कंपनीच्या टायरपेक्षा कमी नसावा, हा नियम मोडायला कुठलंच कारण पुरेसं नाही. मापाच्या आधी एलटी अक्षरं असतील तर तो हलक्या ट्रकांसाठी बांधलेला टायर. तो जास्त ओझं पेलतो, पण जास्त हवेवर. साध्या टायरइतकी हवा भरली तर तो साध्यापेक्षा कमीच ओझं पेलतो. अनेक जण मजबूत म्हणून एलटी घेतात, जुन्या सवयीनं हवा 33 ठेवतात, हौदा भरतात, आणि भिंत तापून टायर फुटला की कंपनीला शिव्या घालतात. उलट रिकाम्या गाडीला दहा प्लायचा एलटी घातला तर मागचा भाग दर खड्ड्याला उडतो, आणि उडालेलं चाक रस्ता धरत नाही. रोज दीड-दोनशे किलो वाहणाऱ्या आणि बाकी माणसं नेणाऱ्या गाडीला साध्या भाराचा ऑल-टेरेन पुरतो. रोज वाळू-सिमेंट वाहणाऱ्याला एलटी लागतो, मग ती गाडी बाकी दिवशी जरा आपटली तरी चालवून घ्यायचं.

कायद्याचंही बघावं लागतं. मालवाहू म्हणून नोंदलेल्या पिकअपच्या नोंदणी अर्जात टायरची संख्या, माप आणि प्लाय कंपनीनं दिल्याप्रमाणे लिहिलेली असतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि त्यावर जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिलेला निकाल असं सांगतो की कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून दूर जाणारे बदल गाडीत करता येत नाहीत. मडगार्डबाहेर आलेला टायर मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर दगड फेकतो, हे तर कायद्याच्याही आधी माणुसकीनं कळायला हवं. मोठा अपघात झाला की विम्याचा सर्वेक्षक टायरचं माप लिहून नेतो. कंपनीनं त्याच गाडीच्या दुसऱ्या मॉडेलला दिलेलं माप निवडलं तर वाद कमी. 2022 साली टायरांच्या ओल्या रस्त्यावरची पकड, लोळण्याचा विरोध आणि आवाज यांसाठीही केंद्रानं निकष अधिसूचित केले. आयएसआय खूण नसलेला टायर तर दुकानात दिसला तरी हात लावू नये.

त्या दुकानात शेवटी काय झालं ते सांगतो, कारण बसवण्याची पद्धत बघण्यासारखी होती. मिस्त्रींनी 265/60 आर 18 चा एकच नग काढला. आधी बाजूवरचे शेवटचे चार अंक दाखवले, टायर कितव्या आठवड्यात आणि कुठल्या साली बनला ते. 2325 असेल तर 2025 चा तेविसावा आठवडा. मग तो एक टायर रिमवर चढवून पुढे डाव्या बाजूला बसवला. मालकाला स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे वळवायला सांगितलं. पोऱ्यानं मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला आणि मागच्या चिखलपट्टीला ओली माती फासली. मग समोरच्या चौथऱ्यावर ते एक चाक चढवून गाडी तिरकी केली, पुन्हा पूर्ण वळवली, खाली उतरवली. सगळे वाकून बघायला लागले. चिखलपट्टीवरच्या मातीत टायरनं एक पुसट रेघ मारली होती, बाकी सगळं कोरं. मिस्त्रींनी आत हात घालून टायर आणि सस्पेन्शनच्या वरच्या दांड्यामधलं अंतर बोटानं मोजलं. "चिखलपट्टीचा एक स्क्रू मागं घेतो. बाकी बसतंय," ते म्हणाले. "याच्यापुढं मोठा मागितला तर मी बसवून देणार नाही. दुसरीकडं जा."

मालकानं चार टायर मागितले. मिस्त्रींनी पाच घ्यायला सांगितले. स्टेपनी हौद्याखाली साखळीला टांगलेली असते, तिथे नवा टायर बसतो का तेही त्यांनी आधी बघितलं. चार चाकं एका उंचीची आणि पाचवं लहान असेल, आणि रानात पंक्चर झाल्यावर ते लावून फोर-व्हील टाकलं, तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळे फेरे मागतात. सुटायला जागा न मिळालेला तो ताण मधल्या गिअरबॉक्सवर येतो. पाच नगांचा खर्च एखाद्या नव्या मोटरसायकलच्या घरात जातो. तो परवडत नसेल तर कंपनीच्या मापात दोन जोड्या ऑल-टेरेन घ्याव्यात, जुन्यांतला चांगला स्टेपनीला ठेवावा, उरलेल्या पैशांत कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचा चांगला गेज घ्यावा. घरच्या माणसाला मी हेच सुचवलं असतं.

बसवून झाल्यावर अलाइनमेंट, बॅलन्सिंग झालं. जाड नक्षीचे टायर समोरच्या चाकांवर ठोकळ्याच्या एका कडेनं जास्त झिजतात, म्हणून आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे करावे लागतात. पाचवाही त्या फेऱ्यात घ्यावा.

आणि हवा. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत लिहिलेला दाब कंपनीच्या टायरसाठी असतो, नव्या मापाला तो जसाच्या तसा लागू पडेलच असं नाही. मिस्त्रींनी दाखवलेली रीत कुणालाही करता येते. सकाळी टायर थंड असताना पट्टीवरचा दाब भरायचा. चारी टायरांच्या नक्षीवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत खडूची जाड रेघ ओढायची. सपाट, कोरड्या डांबरावर गाडी सरळ शंभर-दीडशे मीटर न्यायची आणि उतरून बघायचं. रेघ मधेच पुसली गेली तर हवा जास्त आहे, टायर मधोमध फुगून चालतोय. दोन्ही कडांना पुसली आणि मध्ये राहिली तर हवा कमी. सगळीकडे सारखी पुसली की तो दाब त्या ओझ्याला बरोबर, फक्त तो पट्टीवरच्या आकड्याच्या खाली आणायचा नाही. मग हौद्यात नेहमीचं ओझं भरून मागच्या टायरांना हेच पुन्हा करायचं, या वेळी टायरच्या भिंतीवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या आत राहून. दोन आकडे निघतात, एक रिकाम्या गाडीचा, एक भरल्या गाडीचा. वाळव्याच्या शेतकऱ्यानं ते दोन्ही पट्टीच्या शेजारी मार्करनं लिहिले आणि पुढच्या वेळी पंपावर हवा भरणाऱ्या पोराला कुठला आकडा सांगायचा ते बायकोलाही दाखवून ठेवलं, कारण पुण्याला जाताना गाडी तीच चालवते.